आधी सगळी दारं बंद

मी भित्रा माणूस आहे. हे लाजून सांगत नाही, कारण याच भित्रेपणाचा मला जन्मभर पगार मिळाला. धाराशिवच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळत होतो. विभाग म्हणजे मी, एक टेबल, शेजारची खिडकी नसलेली थंडगार खोली आणि त्या खोलीची माझ्या कमरेला असलेली किल्ली. दवाखान्याचं नाव सांगत नाही. नाव छापलं की लोक लेख सोडून दवाखान्याबद्दलच बोलत बसतात.

गावाला वाटायचं, मी प्रिंटर दुरुस्त करतो. लग्नाच्या पंगतीत बसलो की शेजारचा पाहुणा मोबाइल पुढं करायचा, "स्वामी सर, ह्ये लई हँग व्हायलंय, बघा की जरा." एका हातात घास, एका हातात त्याचा मोबाइल. माझं खरं काम काय ते सांगत बसलो असतो तर दोघांचीही आमटी गार झाली असती, म्हणून कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

माझं काम दारं सांभाळण्याचं. दवाखान्यात एक मोठा कॉम्प्युटर असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. बिलाचं काउंटर, लॅब, औषधाचं दुकान, वॉर्ड, सगळे आपापल्या जागेवरून त्याच्याशी बोलतात. बोलायला त्याला दारं असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात, आणि प्रत्येक दाराला नंबर असतो. कुणाला कुठल्या दारानं आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणाऱ्या पहारेकऱ्याला फायरवॉल म्हणतात. त्याच्याजवळ नावं लिहिलेली असतात. अमक्याला येऊ दे, तमक्याला येऊ दे. आता प्रश्न असा, की ज्याचं नावच लिहिलेलं नाही असा कुणी दारात आला तर काय करायचं? ते मशीन विकत आणलं तेव्हापासूनच ठरलेलं असतं. त्याला डिफॉल्ट म्हणतात. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ते मशीन आपल्या मनानं कसं वागेल, ते.

जुन्या मशीनांचा स्वभाव होता, या. कुणीही या. नव्या मशीनांचा स्वभाव आहे, आधी सगळी दारं बंद. माझी सगळी नोकरी या दोन स्वभावांच्या मधोमध भीत भीत गेली.

जुन्या स्वभावाचं एक उदाहरण सांगतो. तुळजापूरला मल्लिनाथआप्पांचा लॉज होता. मी सुटीच्या दिवशी त्यांचा कॉम्प्युटर बघून द्यायचो, बदल्यात आप्पा जेवू घालायचे. एकाच जुनाट मशीनवर खोल्यांचं बुकिंग, कॅमेरे, भक्तांच्या ओळखपत्रांचे फोटो, सगळं. सगळी दारं सताड उघडी. मी म्हणायचो, "आप्पा, लागत नाहीत ती दारं बंद करू." आप्पा पान लावता लावता हसायचे. "स्वामी, आई भवानीच्या गावात ऱ्हाऊन दार लावून बसू व्हय? दारात आलेल्याला न्हाय म्हणायची आमच्यात रीत न्हाय."

एका सकाळी आप्पांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. मी पहिल्या एसटीनं गेलो. पडदा काळा, त्यावर इंग्रजीत चार ओळी, की तुमचं सगळं आमच्या कुलपात आहे, किल्ली हवी तर पैसे टाका. आप्पा खुर्चीत बसून दाराकडं बघत होते. "कोन आलं हुतं, स्वामी? म्या तर गल्ल्यावरनं हललोच न्हाय. एक मानूस आत आलेला न्हाय." मी मशीनमध्ये पाहिलं तर दार ठोठावणाऱ्यांची रीघ लागलेली. कुठकुठल्या देशांतून, दम न खाता, एकेक दार ढकलून बघत होते. आप्पांचा, तुळजापूरचा, आपला कुणाचाही त्यांना पत्ता नव्हता. उघडं दार दिसलं, आत आले.

माझी पाचावर धारण बसली ती तिथं. आमच्या दवाखान्याचा सर्व्हरही त्याच जुन्या स्वभावाचा होता. मी धाराशिवला परत आलो आणि मोठ्या डॉक्टरांच्या मागं लागलो. डॉक्टर, हे बदला. डॉक्टर, झोप लागत नाही. डॉक्टर म्हणायचे, "स्वामी, तुला झोपेची गोळी लिहून देऊ का?" शेवटी कंटाळून त्यांनी नव्या मशीनची ऑर्डर दिली.

आणि नवं मशीन बसवायचं ठरलं, नेमकी तेव्हाच अक्का आमच्या दवाखान्यात भरती होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होतो, मला अक्कानंच वाढवलं. नळदुर्गच्या पलीकडं आमचं गाव. तिथं घरात अर्धं मराठी आणि अर्धं कन्नड चालतं. ती मला तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. माझे केस पांढरे झाले तरी तम्माच. लग्न लवकर झालं, नवरा लवकर गेला, तेव्हापासून गावात एकटी राहते. धाराशिवला चल म्हटलं की म्हणायची, "तुझ्या त्या डब्यावानी घरात म्या बसू? मरून जाईन."

तिच्या घराचं दार दिवसभर उघडं. मी दरवेळी तिच्याशी भांडायचो. "अक्का, कडी लावत जा. दिवस वाईट आहेत." ती ऐकायची नाही. आणि एक दिवस ती चुलीपुढं धाडकन पडली. शेजारच्या रजियाभाभी कोथिंबीर द्यायला म्हणून आल्या, दार उघडंच, सरळ आत आल्या, म्हणून दिसली. भाभी मला दवाखान्याच्या दारात म्हणाल्या, "भाईजान, दरवाजा खुला था करके बचे. कडी असती तर मैं समजती सो गए, परत गेली असती." मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले. आणि मनातल्या मनात खजीलही झालो, कारण कडी लावायला सांगणारा मीच.

मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. अक्काचं हृदय चालता चालता मधेच मंद व्हायचं. ठोके एवढे उतरायचे की माणूस बेशुद्ध. छातीत पेसमेकर बसवायचा, तो सोलापूरला. पण कोजागिरी आली होती. सोलापूरहून तुळजापूरला माणसं पायी निघाली होती, तो रस्ता गाड्यांना बंद. डॉक्टर म्हणाले, "आडवाटेनं नेताना गाडीत ठोके उतरले तर काय करशील? रस्ता मोकळा होऊ दे. तोवर इथं मशीनवर ठेवू. ठोके उतरले की गजर होईल, सिस्टर धावतील. फक्त लगेच धावलं पाहिजे."

त्या 'लगेच' या शब्दावर माझा जीव टांगलेला होता.

वॉर्डात प्रत्येक खाटेशी एक मॉनिटर, त्यावर ठोक्यांचा आकडा. तो आकडा सर्व्हरकडं जातो आणि तिथून सिस्टरच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर दिसतो. कुणाचा आकडा उतरला की तिथं लाल होऊन गजर. अक्काला कोपऱ्यातली खोली दिली होती, कारण मोठ्या वॉर्डात तिनं पहिल्याच दिवशी शेजारणीच्या सुनेला शहाणपण शिकवून भांडण लावलं होतं. मी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एक छोटी चौकट उघडून ठेवली. त्यात फक्त अक्काचा आकडा. काम करता करता डोळा तिकडं. एकसष्ट. चौसष्ट. बासष्ट. मला जप केल्यासारखं वाटायचं.

नवं मशीन बसवायला कंपनीचा अभिजित आला. चाळिशीतला, कामाला पक्का, बोलायला गोड, पण घाईचा. त्याला मी म्हटलं, दोन-चार दिवस थांबू. तो म्हणाला, "सर, यानंतर दिवाळीपर्यंत तारीख नाही माझ्याकडं. आणि बदलणार काही नाही. जे आहे तेच, फक्त नवं." सकाळी जुनं मशीन उतरवलं, नवं चढवलं. सगळी दारं बंद, हा त्याचा जन्मजात स्वभाव. माझ्या टेबलाचं नाव मी आधीच लिहायला लावलं होतं. मग एकेक फोन यायला लागला. बिलाचं काउंटर ओरडलं, "काही उघडंना!" अभिजितनं त्याचं नाव लिहिलं, दार उघडलं. लॅब ओरडली, उघडलं. औषधाच्या दुकानातला सतीश तर जिना चढून भांडायला आला, त्याचंही उघडलं. दुपारपर्यंत फोन थांबले. अभिजित हात झटकून म्हणाला, "झालं, सर. आता कुणाची तक्रार नाही."

मलाही बरं वाटलं. खोटं का सांगू, किती दिवसांनी भूक लागली. डबा उघडला. भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. तुळजापूरच्या उघड्या दाराची भीती डोक्यावरून उतरली होती. घास घेता घेता चौकटीकडं पाहिलं. चौसष्ट. छान. अजून एक घास. चौसष्ट. अभिजित त्याच्या मुलीच्या शाळेचं काहीतरी सांगत होता. मी हूं हूं करत पाहिलं. चौसष्ट.

घास तोंडातच राहिला. जिवंत माणसाचा आकडा असा बसून राहत नाही. नुसतं कुशीवर वळलं तरी दोननं हलतो, खोकलं की हलतो, आणि आमची अक्का तर गप्प बसली असली तरी मनात कुणाशी तरी भांडत असते. मी घाईघाईनं बाकीच्या खाटा उघडून पाहिल्या. सगळ्यांचे आकडे तसेच, फोटो काढून चिकटवल्यासारखे. काय झालंय ते एका क्षणात कळलं.

बिलाच्या मागं माणूस होता, तो ओरडला. लॅबच्या मागं माणूस होता, तो ओरडला. खाटांजवळच्या मॉनिटरांच्या मागं ओरडणारं कुणी नव्हतं. ते बिचारे सकाळपासून सर्व्हरचं दार वाजवत होते आणि नवा पहारेकरी त्यांना आत घेत नव्हता. बरं, दार बंद ठेवण्याच्याही दोन रीती असतात. एक, तोंडावर नाही म्हणायचं, म्हणजे समोरच्याला निदान कळतं. दुसरी, काहीच बोलायचं नाही, जणू घरात कुणी नाहीच. चोरांसाठी दुसरी रीत चांगली, म्हणून डिफॉल्ट तीच. तेव्हा मॉनिटरांना कुणी नाहीसुद्धा म्हटलं नव्हतं. आणि वरचा पडदा जुन्या मशीनमधून नव्यात आलेला शेवटचा आकडा धरून बसला होता.

मी पळालो. या वयात, या पोटानं, जिन्यावरून कसा चढलो देव जाणे. वॉर्डात मंगल सिस्टर एकट्याच होत्या, बाकीच्या पायी चालणाऱ्यांच्या शिबिराला गेलेल्या. त्या पडद्यासमोर बसून औषधं लावत होत्या. पडदा हिरवागार. "काय झालं, स्वामी सर? असं का करायलात?" मी कोपऱ्यातल्या खोलीकडं हात केला. दार लावलेलं होतं. रस्त्यावरून संबळ वाजवत मंडळी चालली होती, त्या आवाजाचा अक्काला त्रास नको म्हणून सिस्टरनी मायेनं लावलेलं.

दार उघडलं. आत मॉनिटर केकाटत होता. अक्काची मान उशीवरून एका बाजूला घसरलेली, ओठ निळसर, डोळे अर्धे उघडे.

सिस्टरनी मला अक्षरशः ढकललं. "बाजूला व्हा!" इंजेक्शन भरलं, टोचलं, छाती चोळली, ओरडून डॉक्टरांना बोलावलं. मी भिंतीला चिकटून मॉनिटरचा आकडा बघत होतो. तो आकडा मी इथं लिहिणार नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की मी खाली भाकरी खात होतो. मोठे डॉक्टर आले. आकडा हलला. मग हळूहळू चढायला लागला. अक्कानं डोळे उघडले, मला शोधलं, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तम्मा, किती हाका मारल्या रे म्या. कुणी ओच देईना."

मला तिथं रडू फुटलं. डॉक्टर म्हणाले, "रड नंतर. वॉर्डातल्या बाकीच्यांचं काय?"

बाकीचे! सगळ्यांचेच आकडे थांबलेले होते. सिस्टर वॉर्डात धावल्या. ज्याचा जो नातेवाईक होता त्याला उठवून खाटेशी उभा केला, "आकडा मोठ्यानं वाचायचा. थांबायचं न्हाय." वॉर्डभर आवाज सुरू झाले. सत्तर, एकाहत्तर, अडुसष्ट. एका आजोबांना आकडे वाचता येत नव्हते. त्यांना सांगितलं, तांबडा दिवा लागला की वरडा. ते नातवाच्या खाटेशी डोळ्यांत तेल घालून उभे राहिले.

मी वॉर्डातल्या फोनवरून अभिजितला गाठलं. "खाटांचे मॉनिटर बाहेर अडकलेत. त्यांचं नाव लिही. फक्त त्यांचं." माझ्या आवाजातली भीती त्याला लागली असावी. तो म्हणाला, "सर, एकेक कशाला, सगळंच उघडतो." मी नको म्हणेपर्यंत फोन ठेवला गेला.

आता आमच्या धंद्यातलीच माणसं करतील अशी चूक सांगतो. पहारेकऱ्याजवळ लिहिलेली सगळी नावं अभिजितनं एका फटक्यात पुसून टाकली. त्याला वाटलं, नियमच नाहीत म्हटल्यावर सगळं उघडं होईल. जुन्या मशीनवर झालंही असतं. जन्म त्याच मशीनांवर गेलेला, बोटांना तीच सवय. पण या मशीनचा स्वभावच बंदचा. नावं पुसली म्हणजे कुणाचंच नाव उरलं नाही. बिल बंद, लॅब बंद, औषधं बंद, आणि अभिजितचं स्वतःचं नावही त्यात पुसलं गेलं. तो ज्या लॅपटॉपवरून काम करत होता त्यालाच दार बंद. परत फोन आला तेव्हा तो कुजबुजत होता. "सर, मीच बाहेर पडलो."

तेवढ्यात अक्काचा आकडा पुन्हा घसरायला लागला. डॉक्टरांनी अजून इंजेक्शन मागवलं. सिस्टरनी खाली औषधाच्या दुकानात फोन केला, तर सतीश म्हणतो, सिस्टिमच चालत न्हाय, नोंद कशी करू. मंगल सिस्टरचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "सिस्टिम गेली खड्ड्यात, बाबा! कपाट उघड आणि पळत ये!"

सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला. खाली जाऊन त्या मशीनच्या समोर, त्याच्या स्वतःच्या कीबोर्डवर बसल्याशिवाय आता काही होणार नव्हतं. आणि अक्कानं माझं बोट धरलेलं. लहानपणी यात्रेत मी तिचं धरायचो तसं. "जाऊ नको रे," ती म्हणाली. मी ते बोट सोडवलं. नोकरीत मी पुष्कळ अवघड कामं केली, पण एवढं अवघड दुसरं कुठलं केलं नाही.

थंड खोलीत बसलो. समोर दोन वाटा होत्या. एका ओळीत त्या मशीनचा मूळ स्वभावच बदलायचा, या, सगळे या. एका क्षणात वॉर्डाचा पडदा जिवंत झाला असता. मी ती ओळ अर्धी लिहिलीसुद्धा. वर माझी बहीण होती हो, मला जगाशी काय देणंघेणं होतं? पण डोळ्यांपुढं आप्पांचा काळा पडदा आला. आत कुणी शिरलं आणि असाच पडदा वॉर्डात दिसला तर? मग एकट्या अक्काचं नाही, सगळ्यांचेच आकडे जातील, आणि परत आणायला माझ्या हातात काही उरणार नाही. भीतीनं भीतीला अडवलं म्हणा. मी ती ओळ पुसली. वॉर्डातल्या मॉनिटरांची नावं लिहिली, फक्त तेवढ्यांना दार. तोंडानं पुटपुटत, एकेक अक्षर तपासत. मग औषधाचं दुकान, मग लॅब. बिल शेवटी. बिलवाले ओरडत राहिले, मी ओरडू दिलं.

त्या खोलीतला फोन वाजला. उचलायची हिंमत होईना. मागं येऊन उभ्या राहिलेल्या अभिजितनं उचलला, ऐकलं आणि माझ्या कानाला लावला. मंगल सिस्टर म्हणत होत्या, "स्वामी सर, आकडे हलायला लागले." मी विचारलं, "अक्काचा?" त्या म्हणाल्या, "त्यांचापण. वर या, तुमच्या नावानं बोटं मोडायल्यात."

मी तिथंच जमिनीवर बसलो. अभिजितही बसला. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला वाटलं उघडं होईल." संध्याकाळी त्याच्याकडून मी एक गोष्ट करून घेतली. कुठल्याही खाटेकडून ऐकू येणं थांबलं, तर पडद्यानं जुना आकडा दाखवायचा नाही. तिथं काळी चौकट यायची आणि गजर व्हायचा. कळत नसेल तर कळत नाही असं दाखवायचं. अभिजित म्हणाला, याच्यानं उगीच गजर होत राहतील. मी म्हटलं, होऊ देत.

मोठ्या डॉक्टरांनी नंतर मला खोलीत बोलावून विचारलं, "स्वामी, जुनंच बरं होतं का रे?" मी नाही म्हटलं. आजही नाहीच म्हणतो. आधी सगळी दारं बंद, हेच बरोबर आहे. फक्त बंद करणाऱ्यानं बाहेर कोण कोण राहिलं ते स्वतः फिरून बघावं. जो ओरडत नाही त्याच्याकडं आधी जावं.

रस्ता मोकळा झाला, अक्काला सोलापूरला नेलं, पेसमेकर बसला. ती गावी गेली आणि दारावरून आमचं भांडण पुन्हा सुरू झालं. या वेळी जरा वेगळं. मी म्हटलं, कुलूप लाव, पण दुसरी किल्ली रजियाभाभींकडं दे. सगळ्यांना बंद, भाभींना उघडं. अक्का म्हणाली, "मोठा आला साहेब! तुझ्या दवाखान्याचे कायदे माझ्या घरात नगं." पण किल्ली दिली.

मी निवृत्त झालो, पण सवय जात नाही. रोज सकाळी तिला फोन करतो. पूर्वी ती काय काय सांगायची. गुडघा दुखतोय, मांजरानं दूध सांडलं, अमकीची सून माहेरी गेली. दररोज नवं रडगाणं, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. आकडा हलतोय, एवढंच मी मनात म्हणायचो. गुडघा म्हटली की लगेच मी, "सूज आहे का? डॉक्टरला विचारू का? मी येऊ का?" माझा आवाज चढायचा, ती फोन ठेवायची.

या पावसाळ्यात एका सकाळी ती नुसतं म्हणाली, "बरं हाय." दुसऱ्या सकाळीही, "बरं हाय." तिसऱ्याही दिवशी तेच, त्याच आवाजात. मी रजियाभाभींना फोन लावला. "भाभी, किल्ली घ्या आणि आत जा." फोन चालूच ठेवून त्या गेल्या. कुलूप निघाल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग भाभी म्हणाल्या, "बैठे हैं. चूल पेटवलेली नाही. डोळे भरलेत." मी पिशवीत दोन कपडे टाकले आणि एसटी पकडली.

अक्का खाटेवर बसली होती. आठवडाभर चक्कर येत होती. ना मला सांगितलं, ना भाभींना. मी ओरडणार होतो, शब्द ओठांवर आले होते. ती खाली मान घालून म्हणाली, "तू लई भितोस रे तम्मा. कायबी सांगितलं की तुझा आवाज बदलतो. मग म्या सांगतच न्हाय. बरं हाय म्हनलं की तू गप ऱ्हातोस."

मी तिच्या शेजारी बसलो. पाय कापत होते, ते तिला दिसू नयेत म्हणून मांडी घातली. गाडी सांगून ठेवली होती, सोलापूरला जायचंच होतं. पण गाडी यायला अवकाश होता.

"मी भ्यालो न्हाय," मी म्हटलं. "सांग. सगळं सांग."

तिनं माझ्याकडं जरा वेळ संशयानं पाहिलं. मग चक्कर कधीपासून येते इथून सुरू केलं, आणि तिचं सांगणं मी मधे एक शब्द न बोलता ऐकत राहिलो.